लॉकीला कोण सांगणार?

"तिसरा पाव गेला," रॅनी बशीतल्या चुऱ्याकडे बघत पुटपुटला. "काकवीचा. त्यात मनुकाही होत्या."

त्याच्या बायकोने, मर्डिनाने, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. स्वयंपाकघर एवढंसं, की रॅनी मनातल्या मनात कुरकुरला तरी फळीवरच्या भांड्यांना ऐकू जावं. ती नुकतीच टेकडीवरच्या लॉकीच्या घरून परतली होती. पाव तिथे ठेवून आली होती आणि ज्या कामासाठी तो नेला होता ते काम जसंच्या तसं घेऊन आली होती.

"सांगितलंस?" रॅनीने विचारलं.

"विषय काढणारच होते."

"मग?"

"मग त्याने चहा ठेवला."

रॅनीने बशीतला चुरा बोटाने गोळा केला. लॉकीने चहा ठेवल्यावर काय होतं ते त्याला माहीत होतं. गेल्या आठवड्यात तोही हाच विषय घेऊन वर गेला होता आणि मागच्या दाराची बिजागरी बसवून देऊन परत आला होता.

विषय तसा एका वाक्याचा होता. लॉकीच्या अंगणातलं गांजाचं झाड नर होतं.

स्मेल्ट कोव्ह म्हणजे केप ब्रेटन बेटाच्या एका कोपऱ्यात समुद्राला टेकलेली सात घरांची वाडी. टेकडीच्या माथ्यावर लॉकीचं घर, तळाशी मर्डिना आणि रॅनीचं, मधे एकच रस्ता आणि त्याच्या कडेने बाकीची पाच घरं. सरकारने घरटी चार झाडांची परवानगी दिली तेव्हा इतर गावांत लोकांनी पुस्तकं आणली. स्मेल्ट कोव्हला पुस्तकाची गरज पडली नाही, कारण लॉकीची बायको टेना हे काम परवानगीच्या कितीतरी आधीपासून कोंबड्यांच्या खुराड्यामागे करत होती. तालुक्याच्या पोलिसालाही ते ठाऊक होतं. त्याच्या आईचे गुडघे टेनाच्या मलमावरच चालायचे.

इथल्या धुक्यात गांजा म्हणजे नुसता मनस्ताप. जून गेला, जुलै गेला तरी सूर्य तोंड दाखवत नाही. कळ्या जरा गच्च भरल्या की आतून बुरशी धरते, आणि बुरशीतून वाचलं ते ऑक्टोबरातलं पहिलं हिव घेऊन जातं. टेनाने उत्तरेकडचं एक ठेंगणं, थंडीला न जुमानणारं झाड धरलं आणि त्याचा संकर केला पश्चिम किनाऱ्याहून आलेल्या एका नाजूक, संत्र्याच्या वासाच्या झाडाशी. एकदा नव्हे, अकरा उन्हाळे. दरवर्षी शंभरातून दोन ठेवायची, बाकीची उपटायची. शेवटी जे उरलं ते सप्टेंबरअखेर तयार व्हायचं, धुक्याला भीक घालायचं नाही, आणि कळी बोटांत चुरली की नाताळात संत्र्यांच्या पेटीचं झाकण उचकटल्यावर येतो तोच वास यायचा. तिने त्याचं नाव 'नाताळ' ठेवलं. मे महिन्यात दह्याच्या डब्यांतून प्रत्येक घरी रोपं पोचायची, सोबत एकच सूचना असायची: नर दिसला की उपटा, दयामाया नको.

गेल्या फेब्रुवारीत वाडीने टेनाला पुरलं. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणायला दोन दिवस लागले. त्यानंतर तिचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. लॉकीच्या तोंडून मात्र निघायचं. तो सरळ म्हणायचा, "टेना म्हणते, यंदा बर्फ उशिरा वितळेल," जणू ती आत ओट्याशी उभी आहे. त्याला दुरुस्त करायचं कुणाला सुचलं नाही, मग सवयच लागली. लोक त्याच्या पायरीवर गरम जेवणाची भांडी ठेवायचे, दार वाजवायचे आणि तो कवळी बसवून दारात येईपर्यंत पसार व्हायचे.

मे महिना आला तसं रोपं मागायला कोण जाणार? पाच घरांनी शहरातल्या दुकानातून आणली. एकट्या मर्डिनाकडे खरा 'नाताळ' होता. आदल्या ऑक्टोबरात टेनाने तिला मूळ फुटलेली एक फांदी डब्यात लावून दिली होती. माझं तळघर गार पडतं, तुझ्याकडे दिव्याखाली सांभाळ, म्हणाली होती. मर्डिनाने ती अख्खा हिवाळा तान्ह्या मुलासारखी जपली आणि वसंतात तिचीच चार कलमं करून अंगणात लावली. चारही माद्या, आईसारख्या.

आणि मर्डिनाला त्या चार झाडांची गरज होती. चर्चच्या हॉलमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या मागे पियानोची साथ चाळीस वर्षं तीच करत होती. हिवाळा लागला की तिच्या बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी सुजत. टेनाचं मलम चोळलं की रात्रभर नाच चालला तरी बोटं कुरकुरत नसत. दुकानातली मलमं तिने करून पाहिली होती. त्यांनी संत्र्यांच्या पेटीचा वास आला नाही आणि बोटंही वळली नाहीत. आता मलम करायची कृती तिला येत होती, झाडं अंगणात होती. फक्त ती बिनबियांची पिकायला हवी होती. मादीने एकदा बी धरलं की तिचा सगळा जीव बियांत जातो. चीक उरत नाही. हातात येतो तो भुसा.

इकडे लॉकीने जन्मात रोपाला हात लावला नव्हता. चाळीस वर्षं त्याने समुद्रातून शेवंडी काढल्या, बागेतलं त्याला फक्त बाकडं माहीत. पण मे महिन्यात त्याला टेनाचा मोहरीच्या पुडीचा जुना डबा सापडला आणि त्यातल्या बिया त्याने मासेमारीच्या आमिषाच्या टबात पेरल्या. एकच उगवली. त्याने तिला 'पोर' म्हणायला सुरुवात केली. थंड सकाळी पोरीच्या अंगावर टेनाचा लोकरी स्वेटर असायचा, बाह्या गाठ मारलेल्या.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मर्डिना पहिला पाव घेऊन गेली ती निव्वळ चांगुलपणाने. लॉकीने स्वेटर बाजूला करून पोर दाखवली, आणि मर्डिना वाकून बघत राहिली. फांदीच्या बेचक्यात मादीला असतात तसे दोन पांढरे केस नव्हते. तिथे हिरव्या मण्यांचे घोस लटकत होते, मोहरीएवढे, नीट, गोल. ज्याने कधी पपई लावली आहे त्याला जास्त सांगायला नको. फरक एवढाच, की पपईवाला एखादा नर मुद्दाम ठेवतो आणि इथे एक नर आख्ख्या वाडीला पुरतो. पंधरावीस दिवसांत ते मणी फुटणार, पिवळी धूळ उडणार, आणि टेकडीवरून खाली येणारा वारा ती सातही अंगणांत वाटत शेवटी मर्डिनाच्या फाटकाशी आणून ओतणार.

ती म्हणाली, "छान वाढलंय," आणि घरी आली.

त्या संध्याकाळी एफीच्या स्वयंपाकघरात बैठक भरली. एफी निवृत्त पोस्टबाई. पंचवीस वर्षांत वाडीतली एकूण एक वाईट बातमी तिच्या हातून पोचली होती, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा आपोआप तिच्याकडे वळल्या.

"पत्र देणं वेगळं," एफी म्हणाली. "त्यात लिहिलेलं मी लिहिलेलं नसायचं."

तरी ती गेली. रूबार्बच्या मुरंब्याची बरणी घेऊन गेली आणि दोन तासांनी परत आली ती लॉकीचे केस कापून. केस कापणं गरजेचंच होतं, असं तिचं म्हणणं पडलं. कात्री हातात असताना माणसाला असलं काही सांगू नये, हेही.

मग जॉन अलेक्सने डोकं चालवलं. हा लॉकीचा जुना भागीदार, एकाच होडीवर दोघांनी आयुष्य काढलेलं. सरळ सांगायची गरज नाही, तो म्हणाला, सुचवायचं. पुरुषाला सुचवलेलं कळतं. तो मॅकेरल मासे घेऊन वर गेला, झाडाकडे बघत उसासा टाकला आणि म्हणाला की काही झाडांची कितीही सेवा करा, शेवटी पदरात काही पडत नाही. लॉकीने ते मनावर घेतलं. पोर उपाशी आहे असा त्याने अर्थ काढला आणि सबंध टब हेरिंग माशांच्या खताने भरला. नऊ दिवसांत झाड हातभर वाढलं.

एफीला वाटलं, निदान वारा तरी अडवावा. तिने सुचवलं की एवढ्या उंच झाडाला उघड्यावर ठेवणं बरं नव्हे. लॉकीला पटलं. हिवाळ्यात खिडक्यांना बाहेरून लावायच्या जुन्या काचा त्याने अडगळीतून काढल्या आणि झाडाभोवती काचेची खोली उभारली, वरून मात्र उघडी, पोरीला हवा हवी म्हणून. आत उबेने मणी टरारून फुगले. वाडीतल्या कुठल्याच मादीला इतकं सुख मिळत नव्हतं.

रॅनीने शेवटी गुराढोरांचा दाखला द्यायचं ठरवलं. एका शेतकऱ्याने कालवड समजून गोऱ्हा पोसला आणि रोज धार काढायला बसायचा, अशी गोष्ट त्याने रचली आणि लॉकीला ऐकवली. लॉकी हसला. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा हसला, इतका की कवळी हातात धरावी लागली. रॅनी त्या हसण्याने असा विरघळला की त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या, बिजागरी बसवली आणि घरी आला.

"गोष्टीचं तात्पर्य सांगायचं राहिलं," त्याने कबूल केलं होतं.

आता ऑगस्ट निम्मा सरत आला होता. वाडीला वाचवत होतं ते फक्त धुकं. ओल्या हवेत पराग उडत नाही, जागीच चिकटून मरतो. जन्मभर धुक्याला शिव्या घातलेली माणसं सकाळी उठून खिडकीचा पडदा सारत आणि समोर काहीच दिसलं नाही की सुटकेचा श्वास टाकत. एफीने तर चर्चमध्ये धुक्यासाठी मेणबत्ती लावली. रविवारी फादरनी गवत वाळवणाऱ्यांसाठी चार दिवस कडक ऊन मागितलं, तेव्हा स्मेल्ट कोव्हच्या दोन बाकांवरून कुणी आमेन म्हटलं नाही. फादरनी चष्म्यावरून बघितलं आणि प्रार्थना पुन्हा म्हटली. बाकं पुन्हा गप्प.

गुरुवारी दुपारी रेडिओने सांगितलं: उद्या आकाश निरभ्र, चोवीस अंश, नैर्ऋत्येचा वारा. म्हणजे टेकडीवरून खाली येणारा.

मर्डिनाने रेडिओ बंद केला. मग ती अंगणात गेली. चार झाडं, तिच्या खांद्याएवढी, प्रत्येक टोकाला पांढऱ्या केसांचे पहिले झुबके फुटलेले. याच वेळी ती सगळ्यात कोवळी असतात, मिळेल तो पराग धरतात. तिने एक पान चुरून वास घेतला. संत्रं अजून कच्चं होतं, पण होतं.

शेवटचा उपाय म्हणून जॉन अलेक्सचा ट्रक ठरला. लॉकीने तोवर काचा काढून झाडाचा टब ढकलगाडीवर चढवला होता, ऊन फिरेल तसं पोरीला फिरवता यावं म्हणून. जॉन अलेक्सने लाकडाचा भार घेऊन वर जायचं, ट्रक मागे घेताना ढकलगाडी दिसली नाही असं करायचं, मग हळहळायचं, माफी मागायची. अपघात कुणाच्याही हातून होतो. सगळी वाडी आपापल्या खिडकीत उभी राहिली. ट्रक टेकडी चढला, वळला, मागे सरकू लागला. आणि लॉकी धावत येऊन झाडासमोर उभा राहिला, दोन्ही हात हलवत, तोंडभर हसत. ये, ये, अजून ये, असं जॉन अलेक्सला मागे बोलावत राहिला. कुणीतरी आपल्यासाठी लाकूड आणलंय, एवढंच त्याला दिसत होतं.

जॉन अलेक्स तासाभराने खाली आला तेव्हा ट्रक रिकामा होता. स्वतःच्या हिवाळ्याचं लाकूड त्याने लॉकीच्या भिंतीला नीट रचून दिलं होतं.

"तू असतीस तर काय केलं असतंस?" तो मर्डिनाला म्हणाला. तिने मनात आपले दिलेले पाव मोजले.

शुक्रवार उजाडला तो लख्ख. खाडीपलीकडचे डोंगर जून महिन्यापासून दिसले नव्हते, ते इतके स्वच्छ दिसत होते की अंगावर आल्यासारखे वाटावेत. असा दिवस एरवी आला असता तर वाडी हातातलं टाकून समुद्रावर गेली असती. आज सहा घरांतून माणसं बादल्या घेऊन बाहेर पडली आणि ओल्या चादरींनी आपापली झाडं झाकू लागली. थोड्या वेळाने रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी भुतं उभी राहिल्यासारखी दिसू लागली. मर्डिनाने तिच्या चारही झाडांवर लग्नातल्या पांढऱ्या चादरी घातल्या, त्यांवर पाणी मारलं आणि हिशेब केला. चादर वाळायला अर्धा तास. दिवस चौदा तासांचा. बोटं दहा.

"मी जाते," ती म्हणाली. "आत्ता. पाव न घेता."

"कशाला जातेस," रॅनी फाटकाशी उभा होता, त्याचा आवाज बदलला होता. "तोच येतोय."

टेकडीवरून लॉकी खाली येत होता. ढकलगाडी पुढे, तिच्यावर टब, टबात झाड, आणि झाडावर फुलाफुलांची चादर. टेनाची. रस्ता वर्षानुवर्षं खड्ड्यांचा. चाक एका खड्ड्यात गेलं, झाड सगळंच्या सगळं हललं, आणि दोन्हीकडच्या अंगणांतल्या माणसांनी श्वास रोखले. लॉकीने गाडी उचलून बाहेर काढली आणि एफीला मान लववून नमस्कार केला. एफीने परागाच्या धास्तीने नाकावर धरलेला रुमाल न काढता हात हलवला. तो जॉन अलेक्सच्या घरावरून पुढे गेला. प्रत्येक घराला वाटलं, इथे थांबेल. थांबला नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं, आणि मग कुठे निघालाय ते कळलं तसं एकेक जण चप्पल अडकवून त्याच्यामागे चालू लागला. अंतर राखून, वाऱ्याच्या उलट बाजूने.

मर्डिनाने फाटकाची कडी आतून धरली.

लॉकी थांबला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. एफीने कापलेले केस एका बाजूला जरा जास्तच गेले होते.

"तुझ्याकडे ऊन आधी येतं," तो म्हणाला.

आज ऊन सगळीकडे होतं. दोघांनीही ते बघितलं आणि त्याबद्दल बोलायचं टाळलं.

"टेना म्हणते, पोरीला जरा सोबत हवी," लॉकीने पुढे रेटलं. त्याची नजर मर्डिनाकडे नव्हती, तिच्या मागच्या चार चादरींकडे होती. "तुझ्या झाडांच्या शेजारी ठेवू का? तासभर. फार तर दोन."

मर्डिनाच्या पाठीमागे एका चादरीचं टोक वाळून फडफडायला लागलं होतं. ते तिला ऐकू येत होतं. वारा अगदी रेडिओने सांगितला तसा, नैर्ऋत्येचा. रस्त्यावर पाच घरांची माणसं उभी होती, प्रत्येकाची नजर दुसऱ्याकडे. रॅनीने हळूच खोकून पाहिलं. त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

"लॉकी," ती म्हणाली, "तुझं झाड नर आहे."

कुणीतरी मागे "बाई गं" म्हटलं. जॉन अलेक्सने टोपी काढली, अंत्ययात्रेत काढतात तशी.

लॉकीने झाडावरची चादर नीट केली. मग त्याने ढकलगाडीचे दांडे खाली टेकवले आणि हात विजारीला पुसले.

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"नर आहे ते. अगं, चाळीस वर्षं शेवंडी काढल्या. एकेक उलटी करायची, शेपटीखाली अंडी दिसली की सोडून द्यायची. दिवसाला तीनशे. मला नर-मादी कळत नाही होय?"

"कधीपासून ठाऊक आहे?" एफी रुमालातून म्हणाली.

"तू मुरंबा आणलास त्याच्या आधीच्या रविवारपासून."

एफीने रुमाल खाली घेतला. तिच्या चेहऱ्यावरून तो मुरंबा, ती कात्री, ती मेणबत्ती एकामागून एक सरकत गेली. जॉन अलेक्स आपल्या लाकडांच्या दिशेने टेकडीकडे बघू लागला.

"मग पोर, पोर काय लावलं होतंस?" तो शेवटी म्हणाला. "खत काय, काचा काय. आमच्या जिवाला घोर लावून."

"तुम्ही येत होतात ना," लॉकी म्हणाला. "रोज कुणीतरी. तोंडात शब्द धरून यायचं, झाडाकडे बघायचं, बिजागरी बसवायची आणि जायचं. मी म्हटलं, आज बोलतील, उद्या बोलतील. कुणी बोलेना." त्याने जरा विचार केला. "लाकडाचं मात्र मला वाईट वाटलं, जॉन अलेक्स. पण तू इतका मनापासून मागे येत होतास."

"आणि आता हे फुटलं म्हणजे?" मर्डिनाचा आवाज चढला. कडीवरची बोटं दुखायला लागली होती. "सगळ्यांचं वर्ष गेलं, लॉकी. माझा हिवाळा गेला. तुला ठाऊक होतं तर उपटायचं होतंस."

लॉकी झाडाकडे वळला. त्याने फुलाफुलांच्या चादरीची गाठ सोडली. रस्त्यावरची माणसं एक पाऊल मागे सरली. चादर खाली आली तेव्हा झाड जवळजवळ उघडंबोडकं होतं. बेचक्या रिकाम्या, मण्यांचा एक घोस नाही. फक्त टोकाची एक फांदी राहिली होती, आणि तिच्यावर पिठाची कागदी पिशवी चढवून तोंडाशी दोऱ्याने करकचून बांधली होती.

"काल रेडिओवर ऊन ऐकलं," तो म्हणाला. "जॉन अलेक्स गेल्यावर चिमटा घेऊन बसलो. एकेक खुडला. आज पहाटे संपले. एवढी एकच ठेवलीय."

"कशाला?"

लॉकी आता आपल्या बुटांकडे बघत होता. जेमतेम ऐकू येईल असं तो म्हणाला की 'नाताळ'ची मादी वाडीत फक्त मर्डिनाकडे उरली आहे. बाकीच्यांची दुकानातली, त्यांना संत्र्याचा वास नाही. बी धरायला एक फांदी मिळाली तर. आख्खं झाड नको, एकच फांदी, खालची, सावलीतली चालेल. तिच्यावर पिशवी चढवायची, झटकायची, बांधून टाकायची. बाकीच्यांना कण लागणार नाही, त्याने दोरा दुहेरी घेतला आहे. गेले तीन आठवडे, प्रत्येक पावाच्या वेळी, त्याला हेच विचारायचं होतं. दरवेळी चहा ठेवला की धीर व्हायचा नाही.

मर्डिनाने कडीवरून हात काढला. तिने फाटक उघडलं, ढकलगाडीचा एक दांडा स्वतः धरला, आणि दोघांनी मिळून झाड आत घेतलं. कोपऱ्यातल्या झाडाची चादर तिने उचलली. उन्हाने तापलेल्या पानांचा वास एकदम बाहेर आला, आणि फाटकाबाहेरच्या घोळक्यातलं कुजबुजणं थांबलं.

"ही घे," तिने एक फांदी वाकवून धरली. "एक कण इकडेतिकडे उडाला तर लाकूड, मुरंबा, तीन पाव, सगळं वसूल करीन."

लॉकीने पिशवीची गाठ चाचपली. त्याची जाडजूड बोटं, ज्यांनी अंधाऱ्या समुद्रात दोरखंडाच्या हजार गाठी सोडल्या होत्या, त्या दोऱ्यावर घसरत राहिली. एफीने पुढे होऊन धरायला मदत करायची का, असं नजरेने विचारलं. मर्डिनाने मानेनेच नको म्हटलं.

तेवढ्यात रॅनी बोलला. रॅनीचा स्वभाव वाईट नव्हता; शांतता झाली की ती भरून काढायची त्याला घाई व्हायची, इतकंच.

"पण एवढा खटाटोप कशाला?" तो म्हणाला. "टेनाकडे बियांचा डबा आहे की. तो मोहरीचा."

एफीने त्याच्या पायावर पाय दिला, पण शब्द निघून गेले होते. मर्डिनाने डोळे मिटले. फांदी तिने सोडली नाही.

लॉकी दोऱ्याशी झटत होता तो थांबला. पिशवी त्याने दोन्ही हातांत धरली, आत काही तरी झोपलं असावं आणि जागं होऊ नये अशी.

"डबा रिकामा आहे, रॅनी," तो म्हणाला. "सहा होत्या. सहाही मी लावल्या. पाच कुजल्या. मला येत नाही हे काम, तिला यायचं." मग तो मर्डिनाकडे वळला आणि पुढचं त्याने तिला सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, वाडीला कळवायचं राहून गेलं असावं तसं.

"टेना मेली," तो म्हणाला. "फेब्रुवारीत."